बारा ते पाच लाल

माझं नाव विश्वनाथ, वय बावन्न. धंदा सांगितला की लोक दोनदा विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. दवाखाने, शाळा, संस्था यांची माहिती ज्या सर्व्हरमध्ये साठवलेली असते, त्या सर्व्हरवर मी दुरून नजर ठेवतो. माझा प्रोग्राम दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरचं दार वाजवतो आणि आतून ओ आली का ते पाहतो. ओ आली की पडद्यावर हिरवा दिवा, नाही आली की लाल. बायको म्हणते, चौकीदाराचीच नोकरी आहे, फक्त काठी दिली नाही.

आमचं ऑफिस गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब. मागच्या खोलीत आमची टेबलं आणि केबलींचं जाळं, पुढे मोठा हॉल, आणि हॉलच्या खिडकीत कूलर. एप्रिल-मेमध्ये नागपुरातला माणूस ऑफिसात कुठे बसतो हे त्याच्या हुद्द्यावर नाही, कूलरच्या झोतावर ठरतं. सकाळी सगळे आपापल्या टेबलावर शहाण्यासारखे बसतात. बाराच्या सुमाराला एकेक जण डबा, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप उचलून हॉलमध्ये येतो आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाही. मी सगळ्यांत मोठा, म्हणून बरोबर झोतासमोरची खुर्ची माझी. तिच्यावर दुसरा कोणी बसला तर मी काही बोलत नाही, नुसता उभा राहतो.

नजर ठेवायचा प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर होता. खरं तर त्यासाठी वेगळं मशीन घ्यायचं ठरलं होतं आणि ते येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून तो माझ्याकडे टाकला होता. त्या तात्पुरत्याला आता दीड वर्ष झालं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मौद्याचा सर्व्हर लाल व्हायला लागला. मौद्याला एका संस्थेचं सिकलसेलचं केंद्र आहे. आमच्या विदर्भात हा रक्ताचा आजार घराघरात सापडतो. केंद्रात दोन हजारांच्या वर रोग्यांची नोंद आहे: कोणाला कधी रक्त दिलं, कोणाला कुठलं चालत नाही, कोणाला कुठल्या औषधाने त्रास झाला. ते सगळं त्या एका सर्व्हरमध्ये. तो बंद म्हणजे पोरगं दुखण्याने तळमळत समोर पडलेलं आणि डॉक्टरला मागचं पुढचं काही माहीत नाही. म्हणून तो लाल दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा. हे मी खोटं सांगत नाही. पुढे मी जे केलं, ते निष्काळजीपणाने केलं नाही, काळजीनेच केलं.

दिवा रोज एकाच वेळी लाल व्हायचा. दुपारी बारा-सव्वाबाराला गेला की पाच-सव्वापाचला परत. बाकीचे पाच सर्व्हर हिरवेगार. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आता यात काय शोधायचं? सर्व्हरच्या खोलीत एसी असतो. भर दुपारी तो बंद झाला तर मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद पडतं. मग प्रश्न एवढाच उरला की दुपारी एसी बंद कोण करतं.

त्या खोलीची चावी एकाच माणसाकडे होती. रुपराव. पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, कंत्राटावरचा माणूस. खोली झाडणं, एसी आणि इन्व्हर्टर पाहणं, माहितीची प्रत ठेवायची टेप बदलणं हे त्याचं काम. मी त्याला फोन केला.

"रुपरावजी, दुपारी एसी बंद करता काय?"

"नाही जी साहेब. चालूच राहते."

"मग सर्व्हर बंद कसा पडतो?"

"बंद नाही पडत साहेब. मी इथंच असतो. लाईट लुकलुक करून राहिले न त्याचे."

"हे पाहा, माझ्यासमोर लाल दिसतो आहे. माणूस खोटं बोलेल, मशीन खोटं बोलत नाही."

त्यावर तो काही बोलला नाही. मी दोन-चार वेळा हॅलो हॅलो केलं. मग त्याने "बरं साहेब" म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात दार वाजवलं की तीनपैकी एक गोष्ट होते. आतून ओ येते, किंवा कोणी आतूनच हाकलून लावतं, किंवा काहीच ऐकू येत नाही. हाकललं तरी बरं, निदान आत कोणी आहे हे कळतं. काहीच ऐकू आलं नाही की आम्ही समजतो, घर रिकामं आहे. मौद्याच्या दारातून मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणि रुपरावही गप्प बसला, म्हणजे चोराच्या मनात चांदणं, असा मी हिशेब लावला.

केंद्रात नोंदींचं काम कौसल्याताई पाहतात. बोलायला फटकळ बाई. त्यांनी स्वतःहून फोन केला. "सर, आमचं तर दिवसभर चालू हाय. कालच दुपारी अठरा पेशंटच्या नोंदी केल्या मी. तुमाले काहून लाल दिसून राहिलं?" मी म्हटलं, पाहतो. मनात म्हटलं, एकाच केंद्रातली माणसं, एकमेकांना सांभाळून घेणारच.

मग माझ्या हाती हुकमाचा पत्ता आला. रविवारी सर्व्हर दिवसभर हिरवा असायचा. तीन रविवार तपासले, तिन्ही हिरवे. आणि रविवारी रुपरावची सुट्टी! म्हणजे तो नसला की सगळं ठणठणीत. मी तो तक्ता रंगीत छापून घेतला. खरं सांगतो, मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा आनंद होता तो, पण त्यात एक माणूस पकडल्याचाही होता.

ऑफिसातली दामिनी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण डोक्याने तेज. ती तक्ता पाहून म्हणाली, "सर, एकदा तिथं जाऊन पाहून येऊ का मी?"

"कशाला? तक्त्यात दिसत नाही काय?"

"दिसते न. पण तक्ता तर आपलाच हाय." असं म्हणून ती तिच्या कामाला लागली. मी लक्ष दिलं नाही.

संस्थेचे सचिव भैयाजी. त्यांना मी तक्ता पाठवला, त्याखाली 'सर्व्हर-खोलीच्या देखरेखीत निष्काळजीपणा' असं लिहिलं. भैयाजींचा फोन आला. "देखो विश्वनाथजी, माणूस जुना आहे, बारा वर्षांचा. पण पेशंटच्या जिवाशी खेळ नाही चालणार. एक तारखेपासून त्याले कमी करतो. पत्र तयार ठेवतो. फक्त तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहून या आणि मले फोन करा. तुम्ही हो म्हटलं की पत्र दिलं." म्हणजे रुपरावची नोकरी आणि नाव माझ्या एका फोनवर आलं होतं.

मधेच एक गोष्ट घडली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी रुपरावनेच मला फोन केला. तोवर संस्थेने ठरवून टाकलं होतं की दुपारची सुट्टी मला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

"साहेब, उद्या मंगळवारी दुपारून सुट्टी पाहिजे होती. अकरा ते चार."

मी हसलो. "वा रुपरावजी. सर्व्हरही दुपारीच जातो आणि तुम्हीही दुपारीच?"

हसून झाल्यावर मी विचारलं,

"काय काम आहे?"

"काही नाही साहेब. राहू द्या." त्याने फोन ठेवला.

मी दामिनीला ऐकू जाईल असं म्हणालो, "बघ, कारणही सांगता आलं नाही." ती लॅपटॉपमधून वर पाहून परत खाली पाहायला लागली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी मौद्याला निघालो. न सांगता. अकराची एसटी धरली, डोक्याला दुपट्टा, झळ लागू नये म्हणून खिशात कांदा, मांडीवर लॅपटॉपची बॅग. कळमन्याच्या बाजाराजवळ ट्रकांच्या गर्दीत गाडी वीस मिनिटं अडकली. बसमध्ये बसल्या बसल्या मी भैयाजींना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकच्या पुढे केंद्रात पोचलो आणि कौसल्याताईंना नुसता नमस्कार करून सरळ मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत गारवा होता. एसी चालू होता. रुपराव स्टुलावर बसला होता, सर्व्हरपासून दोन हातांवर, तोंड त्याच्याकडे. बाजूला उघडा डबा, अर्धी भाकर खाल्लेली. तो झोपला नव्हता. मला पाहून दचकून उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नाही, सर्व्हरच्या दिव्यांकडे पाहिलं.

मी लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं. एक वाजून पंचवीस. मौदा: लाल.

सर्व्हरवर हात ठेवला. कोमट, जिवंत मशीनसारखा कोमट. आत पंखे घरघरत होते, हिरवे दिवे लुकलुकत होते. बाहेरच्या खोलीत कौसल्याताई एका बाईला तिच्या पोराची मागची तारीख मोठ्याने वाचून दाखवत होत्या, म्हणजे ती तारीख याच मशीनमधून येत होती. मी त्याच्यासमोर उभा होतो आणि माझ्या पडद्यावर तो मेलेला होता.

"सरका," मी रुपरावला म्हणालो आणि सर्व्हरच्याच कीबोर्डवर बसलो. पहिलं विचारलं, तू किती वेळ जागा आहेस? एका ओळीचा प्रश्न असतो. उत्तर आलं: दोनशे बारा दिवस. दोनशे बारा दिवसांत ते मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. हा प्रश्न विचारायला मौद्याला यायची गरज नव्हती. रोज सकाळी दिवा हिरवा असताना, गांधीबागेतल्या माझ्या टेबलावरून, तो मला विचारता आला असता. नवीन पोरांना मी हेच पहिलं शिकवतो. पण तीन आठवड्यांत मी तो विचारला नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

मग दाराची नोंदवही उघडली. या सर्व्हरला फायरवॉल आहे. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. रोग्यांची माहिती आहे म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच नियम लिहून दिला होता: या तीन पत्त्यांवरून कोणी आलं तर आत घ्या, बाकी कोणी दार वाजवलं तर हाकलूसुद्धा नका, चिडीचूप राहा. चोराला इथे घर आहे हेच कळू नये. तेव्हा मला त्या चिडीचूपचं फार कौतुक वाटलं होतं. नेटच्या प्रत्येक लाईनला स्वतःचा आकड्यांचा पत्ता असतो, आणि त्या तीन पत्त्यांत एक आमच्या मागच्या खोलीतल्या केबलचा होता.

नोंदवहीत ओळीच्या ओळी होत्या. दर मिनिटाला एक. कोणी अनोळखी माणूस एप्रिलपासून रोज दुपारी येऊन दार ठोकत होता आणि सर्व्हर सांगितल्याप्रमाणे गप्प बसत होता. पत्ता एकच. आजच्या नोंदी तेवढ्या माझ्या मोबाईलच्या होत्या. मी दामिनीला फोन लावला आणि तो जुना पत्ता आकडा-आकडा वाचून दाखवला.

"सर, थांबा." मग तिच्या कीबोर्डचा आवाज आला. "सर, हा तर आपल्या हॉलच्या वायफायचा पत्ता हाय. मार्चमधे नवीन लाईन घेतली न आपण, हॉलसाठी, ती."

"हॉलमधून मौद्याला कोण ठोकून राहिलं, दामिनी?"

ती अगदी हळू म्हणाली, "सर, तुम्ही बाराले कूलरसमोर येता न. लॅपटॉप घेऊन."

मला आधी राग आला. मग एकेक गोष्ट जुळत गेली. मागच्या खोलीत लॅपटॉप केबलवर असतो, ओळखीच्या पत्त्यावरून दार वाजवतो. बाराला मी तो उचलून हॉलमध्ये नेतो, तो वायफायवर जातो, अनोळखी होतो. पाचला परत मागे. बाकीच्या पाच सर्व्हरांना पहारा नाही, म्हणून ते हिरवे. आणि रविवारी रुपराव नसतो म्हणून नव्हे, मी नसतो म्हणून मौदा हिरवा. रविवारी लॅपटॉप माझ्या टेबलावर केबलला बांधलेला असतो. तीन आठवडे मी उन्हाचा गुन्हेगार शोधत होतो आणि तो गारव्यात, पहिल्या खुर्चीवर बसला होता.

रुपराव मागे उभा होता. त्याला किती कळलं होतं कोण जाणे.

मी खुर्ची फिरवली. "रुपरावजी, चूक माझी होती. सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. तुम्ही म्हणत होते तेच खरं."

त्याने मान हलवली. "खरंच नाही पडला साहेब? पक्कं?"

"पक्कं. दोनशे बारा दिवस चालू आहे."

त्याने स्टूल ओढलं आणि बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तुमी म्हणले, मशीन खोटं नाही बोलत. मले वाटलं, मंग मलेच दिसत नसन. पाप‌णी लवली का तेवढ्यात जात असन. म्हून मी इथंच बसलो. जेवाले घरी नाही गेलो तवापासून. दुपारभर पाहतच राहिलो त्याच्याकडं."

"मग तुम्ही भांडला काहून नाही माझ्याशी?"

"पहिल्या दिवशी सांगतलं होतं न साहेब. आता झोप लागन मले." असं म्हणून त्याने डब्याचं झाकण लावलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भैयाजींना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "चला, बला टळली. पत्र फाडून टाकतो. आणि रिपोर्टमध्ये 'तांत्रिक अडचण' लिहून टाका विश्वनाथजी. त्याचं नाव नको, तुमचंही नको. काय फायदा?" मला हायसं वाटलं. त्याची नोकरी वाचली, माझी अब्रू वाचली. एवढ्यावर भागलं, असं मला वाटलं आणि तो विचार मनात ठेवून मी कौसल्याताईंनी दिलेला चहा हातात घेतला.

"ताई, बरं झालं. कोणाचं नुकसान नाही झालं."

कौसल्याताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की चहा तसाच राहिला.

"नुकसान नाही झालं? मंगळवारी रुपरावभाऊंच्या भाचीचं लग्न होतं, सर. काजलचं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, इथून आठ किलोमीटरवर. बाप नाही तिले. या मामानंच वाढवलं. मामानं पोरीले मांडवात आणा लागते, अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागं उभं राहा लागते. आणि हे इथं स्टुलावर, मशीनकडं पाहत. मी म्हणलं, भाऊ, जा तुमी, मी बसतो इथं. तर म्हणते, आजच बंद पडलं तर साहेब म्हणतीन, पाहा, पळाला. शेजारच्या एका माणसाले मामा म्हून उभं केलं तिच्या मागं. अंतरपाट धरल्यावरही पोरगी मान वळवून पाहत होती म्हणते."

मी सोमवारच्या फोनवर काय बोललो होतो ते मला अक्षरन् अक्षर आठवलं. हसलो होतो तेही. काय काम आहे असं मी विचारलं खरं, पण हसून झाल्यावर विचारलं. त्यानंतर कोण सांगेल, माझ्या पोरीचं लग्न आहे म्हणून?

मी परत आत गेलो. रुपराव फडक्याने सर्व्हरवरची धूळ पुसत होता. "काजल कशी आहे?" एवढंच तोंडातून आलं. बावळट प्रश्न.

त्याचा हात थांबला. "चांगली हाय साहेब. फोन आला होता. मामा, काहून नाही आले, म्हणे."

"मग काय सांगितलं?"

"सुट्टी नाही भेटली म्हणलं, बेटा." आणि तो मागची बाजू पुसायला वळला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी उत्तर देऊ शकलो असतो.

पाचच्या एसटीने परत आलो. ऑफिसात दामिनी थांबली होती. मी लॅपटॉप मागच्या खोलीत केबलला जोडला. मौदा हिरवा झाला. तो हिरवा पाहून मला रोज बरं वाटायचं, त्या दिवशी वाटलं नाही.

मग घटनेचा फॉर्म उघडला. प्रत्येक बिघाडानंतर तो मी भरतो आणि तो संस्थेच्या सगळ्या विश्वस्तांना जातो. बिघाड कुठे: देखरेख करणाऱ्याकडे. कारण: विश्वनाथ रोज दुपारी लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसत होता. दामिनी मागे उभी राहून वाचत होती. सर्व्हर किती वेळ बंद: शून्य मिनिटं.

शेवटचा रकाना नुकसानीचा असतो. तिथे मी वर्षानुवर्षं 'निरंक' लिहीत आलो आहे. मी लिहिलं: 'काजलच्या लग्नात तिच्या मामाची जागा.'

दामिनी म्हणाली, "सर, हा रकाना सिस्टिमच्या नुकसानीसाठी असते. खोडू का मी?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि फॉर्म पाठवून दिला.